गोळ्या घेऊनही एचबी वाढत नाही, तर दोष बाईच्या ताटाचाच का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती जवळ आले की आपल्या मुंबईत मंडळांची रक्तदान शिबिरं सुरू होतात आणि दरवर्षी तेच दिसतं. बायका उत्साहाने रांगेत उभ्या राहतात, बोटातून थेंबभर रक्त काढतात आणि मग "ताई, तुमचं एचबी म्हणजे हिमोग्लोबिन १०.८ आहे, १२.५ लागतं" असं सांगून परत पाठवतात. परत पाठवणं बरोबरच आहे, त्यात काही वाद नाही. पण त्याच्या पुढचं जे वाक्य असतं ना, "जरा नीट खात जा, पालक, बीट, गूळ घ्या", ते ऐकलं की मला खरंच राग येतो, कारण समोरच्या बाईचं एचबी कशामुळे कमी आहे हे कोणालाच माहीत नसतं आणि तरी दोष तिच्या ताटाला देऊन सगळे मोकळे होतात. आपल्या पेपरच्या पुरवणीतही 'रक्त वाढवणारे दहा पदार्थ' छापाचे लेख अधूनमधून येत असतात, म्हणून हे पत्र. जरा लांब होईल पण कृपया कापू नका.

मी परळच्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये बरीच वर्षं टेक्निशियन होते, आता घरी असते. डॉक्टर नाही, त्यामुळे औषध सांगायचा मला अधिकार नाही, पण बायकांचे सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे, रिपोर्ट इतके डोळ्याखालून गेलेत की काही गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही.

आधी आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका अॅनिमिक, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असलेल्या, निघाल्या. त्याच्या आधीच्या फेरीत हा आकडा ५३ च्या आसपास होता, म्हणजे कमी व्हायचं सोडून वाढला. आपल्या महाराष्ट्रातही अर्ध्याहून जास्त बायका यात आहेत. आणि हे सगळं २०१८ पासून 'अॅनिमिया मुक्त भारत' चालू असताना, शाळेत मुलींना लोहाच्या निळ्या गोळ्या, गरोदर बायकांना लाल गोळ्या वाटत असताना. गोळ्या वाटणं चुकीचं आहे असं मी अजिबात म्हणत नाही, बहुतेक बायकांना खरंच लोह कमी पडतं आणि गोळी खरंच उपयोगी पडते. पण पाहणीत बोटाच्या थेंबातून फक्त हिमोग्लोबिन मोजतात, ते का कमी आहे ते त्या थेंबात दिसत नाही. १० एचबी असलेल्या पाच बायका शेजारी शेजारी उभ्या केल्या तर पाचही जणींची कारणं वेगळी असू शकतात आणि त्यातली काही कारणं आईवडिलांकडून आलेली असतात, जेवणातून नाही.

हे आईवडिलांकडून येणं म्हणजे नेमकं काय ते सांगते. आपण लोह खातो ते सगळं रक्तात जात नाही, अगदी थोडंसं जातं. दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅम, बस. आपल्या डाळ-भात-चपातीच्या जेवणात तर धान्य-कडधान्यातल्या फायटेट या लोह अडवणाऱ्या घटकामुळे आणि वर जेवणाला लागून प्यायलेल्या चहामुळे ते अजून कमी होतं. आतड्याच्या पेशींतून लोह रक्तात सोडणारं एक दार असतं, फेरोपोर्टिन नावाचं प्रथिन, आणि त्या दारावर आपल्या लिव्हरने ठेवलेला एक वॉचमन असतो, हेपसिडीन नावाचं हार्मोन. शरीरात लोह पुरेसं असलं किंवा कुठे इन्फेक्शन, सूज असली की हेपसिडीन वाढतं आणि दार बंद होतं, लोह कमी पडलं की हेपसिडीन उतरतं आणि दार उघडतं. या हेपसिडीनचा शोध २००० सालच्या आसपासचा, म्हणजे आमच्या शिक्षणात हे नव्हतंच, नंतर वाचून कळलं. आणि ते वाचल्यावर जुने कितीतरी रिपोर्ट डोक्यात लख्ख झाले.

आता हे हेपसिडीन किती बनवायचं ते ठरवणारी जनुकं असतात. त्यातलं एक टीएमपीआरएसएस६, नाव भयंकर आहे पण काम साधं, हेपसिडीनला आवर घालायचं. या जनुकात एका अक्षराचा फरक असलेले दोन प्रकार माणसांत असतात आणि दोन्ही अगदी कॉमन आहेत, हा काही रोग नाही. पण एका प्रकारात आवर जरा ढिला पडतो, हेपसिडीन थोडं चढं राहतं आणि लोह थोडं कमी आत येतं. २००९ मध्ये युरोपियन आणि भारतीय वंशाच्या मिळून सुमारे १६ हजार लोकांच्या अभ्यासात हे दिसलं की त्या प्रकाराची एक प्रत असेल तर हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला सरासरी ०.१३ ग्रॅमने कमी असतं. एक प्रत आईकडून एक वडिलांकडून, दोन्ही तशाच आल्या तर साधारण पाव ग्रॅम.

कोणी म्हणेल पाव ग्रॅमने काय होतं. पुरुषाला काहीच होत नाही, बरोबर आहे. त्याचं १५ असतं ते पावणेपंधरा होईल, त्याला आयुष्यात कळणारही नाही. पण बाईचं गणित बघा. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. नॉर्मल पाळीत ३०-४० मिलिलिटर रक्त जातं म्हणजे महिन्याला १५ ते २० मिलिग्रॅम लोह गेलं, आणि ज्यांना जास्त जातं, ८० मिलिलिटर किंवा वर, त्यांचं ४० मिलिग्रॅम गेलं, म्हणजे रोजचे जवळजवळ दीड मिलिग्रॅम नुसते पाळीपायी, आणि शरीराचा रोजचा इतर खर्च एक मिलिग्रॅमच्या आसपास तो वेगळाच. आत येतंय एक-दोन आणि बाहेर जातंय अडीच. एका गरोदरपणाला सगळं मिळून जवळपास एक ग्रॅम म्हणजे हजार मिलिग्रॅम लागतं. इतक्या काठावरच्या हिशोबात जिचं दार जन्मतःच थोडं कमी उघडतं ती सगळ्यात आधी खाली घसरणार, यात तिने काय चूक केली? तिच्या सख्ख्या भावाला तेच जनुक असेल, तो तेच जेवण जेवत असेल, पण अशक्तपणाचा शिक्का तिच्या एकटीवर बसतो. आपल्याकडे लोकांना हे समजायला पाहिजे असं मला फार वाटतं, कारण घराघरात "तुझा भाऊ बघ, कसा टणटणीत, तू डब्बा टाकून देत असशील" हे ऐकत मुली मोठ्या होतात.

आमच्या चाळीत दोन बहिणी होत्या, एकाच घरात वाढलेल्या, एकाच तव्यावरची भाकरी खाणाऱ्या, शुक्रवारी सुकट आणि रविवारी मटण दोघींना सारखंच. एकीचं एचबी कायम साडेबाराच्या पुढे, दुसरीचं साडेदहाच्या वर कधी गेलं नाही. आई बिचारी धाकटीला अळिवाचे लाडू, खजूर, लोखंडी कढईतली भाजी सगळं करून थकली. सगळ्यांनी मिळून निष्कर्ष काढला की धाकटी चोरून बाहेर वडापाव खाते म्हणून असं होतं. पुढे एका चांगल्या डॉक्टरीणबाईंनी तिला पाळीबद्दल नीट विचारलं, किती दिवस जातं, किती पॅड लागतात, गुठळ्या पडतात का, दात काढला तेव्हा रक्त किती वेळ थांबलं नव्हतं, लहानपणी नाकातून रक्त यायचं का. सगळ्याची उत्तरं हो हो आली. तपासणीत व्हॉन विलेब्रँड निघाला, रक्त गोठायला लागणारं एक प्रथिन कमी असण्याचा हा आजार घराण्यातून येतो. म्हणजे तिचं लोह आत येत होतं पण दर महिन्याला त्याहून जास्त वाहून जात होतं. तिच्या आत्यालाही तसंच व्हायचं हे नंतर आठवलं सगळ्यांना. "आमच्या घरात सगळ्यांनाच जास्त जातं" हे वाक्य बायका इतक्या सहज बोलतात, आणि तेच वाक्य खरं तर डॉक्टरला सगळ्यात आधी सांगायला पाहिजे.

आता थॅलेसेमिया मायनर, हा विषय मला सगळ्यात जवळचा आहे आणि मुंबईत यावर फारच कमी बोललं जातं.

थॅलेसेमिया मायनर म्हणजे बीटा ग्लोबिन या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली. माणूस आजारी नसतो, सगळं आयुष्य नीट जगतो, फक्त त्याच्या लाल पेशी आकाराने लहान असतात आणि हिमोग्लोबिन थोडं कमी, बाईत बहुतेक वेळा १० ते ११ च्या आसपास. भारतात साधारण ३ ते ४ टक्के लोक असे वाहक आहेत. काही समाजांत प्रमाण जास्त आढळलंय, सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली, आणि आपल्या ठाणे-रायगड पट्ट्यातले आगरी सुद्धा. मुलुंड, घाटकोपर, उल्हासनगर, भिवंडी, उरण, हे सगळं आपलंच आहे, रोज लोकलमध्ये शेजारी बसणाऱ्या बायका आहेत या. पण याचा अर्थ बाकीच्यांना नसतो असा अजिबात नाही, मी कुठल्याही आडनावाच्या माणसाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह पाहिलाय.

गोची अशी की लोहाची कमतरता आणि थॅलेसेमिया मायनर, दोन्हीत एचबी कमी आणि पेशी लहान. वरवर रिपोर्ट एकसारखाच. मग काय होतं, बाई दवाखान्यात जाते, एचबी १०.२, एमसीव्ही म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार कमी, लगेच आयर्नच्या गोळ्या सुरू. तीन महिन्यांनी परत १०.२. मग "गोळ्या नीट घेत नाही तुम्ही". मग जास्त पॉवरची गोळी, पोट बिघडतं, शौचाला काळं आणि कडक होतं, परत १०.३. मग सलाईनमधून आयर्न. मी अशी बाई बघितलीय जिने कॉलेजपासून दोन बाळंतपणं होईपर्यंत गोळ्या खाल्ल्या आणि जिला तोपर्यंत कोणी एकदाही एचबीए२ ची, म्हणजे थॅलेसेमिया मायनरमध्ये वाढणाऱ्या हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराची, तपासणी सांगितली नव्हती. तिच्यात लोहाची कमतरता नव्हतीच, लाल पेशींचा साचाच तसा होता. आणि थॅलेसेमियात शरीर उगाच जास्त पेशी बनवायच्या मागे असतं, तेव्हा बोनमॅरोतून एरिथ्रोफेरॉन नावाचं हार्मोन निघतं, ते हेपसिडीनला दाबतं आणि लोह उलट जास्त शोषलं जातं. मेजरमध्ये, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या गंभीर आजारात, हा प्रकार मोठा असतो, मायनरमध्ये अगदी कमी, पण तरी गरज नसताना वर्षानुवर्षं लोह घालत राहणं शहाणपणाचं नाही, कारण शरीराकडे जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोयच नाहीये.

आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, दुःखाची गोष्ट म्हणजे, संशय घ्यायला लागणारी माहिती त्याच साध्या, स्वस्त सीबीसीत छापलेली असते. लोह कमी असेल तर लाल पेशींची संख्या पण कमी होते, थॅलेसेमिया मायनरमध्ये एचबी कमी असूनही संख्या चढी असते, ५० लाखांच्या वर सुद्धा. १९७३ सालापासून मेंटझर इंडेक्स म्हणून एक साधा भागाकार आहे, एमसीव्हीला आरबीसी काउंटने, म्हणजे लाल पेशींच्या दशलक्षात लिहिलेल्या संख्येने, भागायचं. समजा एमसीव्ही ६४ आणि आरबीसी ५.६, उत्तर ११.४. तेराच्या खाली आलं तर थॅलेसेमियाचा विचार करा. दुसरीचा एमसीव्ही ७० आणि आरबीसी ४.१, उत्तर १७, तेराच्या वर, म्हणजे बहुधा लोहच कमी. हा नुसता इशारा आहे, निदान नाही, चुकतो पण कधीकधी, आणि दोन्ही एकदम असेल तर गोंधळ होतो. पण इशारा फुकट मिळतोय तर बघायला काय हरकत आहे?

आमच्याकडे तर नेस्ट्रॉफ्ट करायचो, थॅलेसेमियाची अगदी स्वस्तातली प्राथमिक टेस्ट. काचेच्या नळीत ठरावीक पातळ मिठाचं पाणी, त्यात थोडं रक्त टाकायचं, अर्धा तास थांबायचं आणि नळीच्या मागे पांढऱ्या कागदावर काळी रेघ धरायची. रेघ स्पष्ट दिसली तर निगेटिव्ह, अंधुक दिसली किंवा दिसलीच नाही तर पुढे एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी, करून एचबीए२ बघायचं. लोह फार कमी असलं तरी कधी रेघ अंधुक दिसते, म्हणून पुढची तपासणी महत्त्वाची. आपल्या परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारात आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, एनआयआयएच, थॅलेसेमिया आणि सिकलसेल या घराण्यातून येणाऱ्या रक्ताच्या आजारांवर देशातलं मोठं काम तिथून झालंय. जगात नाव असलेली संस्था आपल्या अंगणात आणि आपल्याच बायका "बीट खा" ऐकून घरी जातात, याचं मला खूप वाईट वाटतं.

अजून एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट. साधारण ३.५ टक्क्यांच्या वर एचबीए२ आलं की बीटा थॅलेसेमिया वाहक म्हणतात, पण त्याच बाईला लोहाचीही कमतरता असेल तर एचबीए२ खोटं खाली येऊ शकतं आणि वाहक असूनही रिपोर्ट नॉर्मल वाटतो. म्हणून आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा, बघा, कमी असेल तर लोह भरून काढा आणि मग परत तपासा. आणि उलटंही लक्षात ठेवा, थॅलेसेमिया मायनर निघाला म्हणजे आयर्न कायमचं बंद असं नाही, अशा बाईचंही लोह पाळीमुळे, बाळंतपणामुळे कमी पडू शकतं आणि तेव्हा तिला गोळी लागतेच. मायनर आहे म्हणून गरोदरपणात परस्पर गोळ्या बंद केल्या असंही मी पाहिलंय, तेही चूकच. ठरवायचं ते फेरिटिन बघून. जागतिक आरोग्य संघटना निरोगी मोठ्या माणसात १५ च्या खाली कमतरता धरते. फक्त ताप, इन्फेक्शन, सूज असताना फेरिटिन चढतं आणि साठा आहे असा भास होतो, तेव्हा तापात केलेल्या रिपोर्टवर विश्वास ठेवू नका.

वाहक असणं लपवतात लोक, हे पण सांगायलाच हवं. एका आईने मला विनवून विचारलेलं की रिपोर्टवर हे लिहू नका हो, मुलीचं लग्न ठरतंय. मला त्या बाईचा राग नाही आला, पोटात कालवलं. कारण मुलगा आणि मुलगी दोघंही वाहक असतील तरच बाळाला मेजर व्हायची शक्यता असते, दर गरोदरपणात चारात एक. एकच वाहक असेल तर बाळाला मेजर होत नाही. म्हणजे लपवायचं काहीच कारण नाही, फक्त दुसऱ्याचीही तपासणी करायची. आणि लग्नाआधी राहून गेलं असेल तर गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांतच करा, पाचव्या महिन्यात नको. पालघरकडच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेलचंही हेच आहे, त्यासाठी २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय मिशन सुरू केलंय, तिथे कमीत कमी तपासणी करून कार्ड तरी देतात. मुंबईच्या मध्यमवर्गीय सोसायट्यांमध्ये मात्र अजून "आमच्यात असलं काही नाही".

बाकी दुर्मिळ गोष्टी लांबवत नाही. ते टीएमपीआरएसएस६ जनुक दोन्ही प्रतींत पूर्ण बिघडलं तर इरिडा नावाचा आजार होतो, २००८ मध्ये त्याचं कारण सापडलं, त्यात तोंडाने घेतलेलं आयर्न लागूच पडत नाही आणि शिरेतून दिलेलं थोडंफार पडतं, पण तो फार क्वचित. पाश्चात्य देशांत एचएफई जनुकामुळे उलटं होतं, लोह साठत जातं आणि लिव्हर खराब होतं. तिथेही बायकांना पाळीमुळे बराच काळ संरक्षण मिळतं आणि त्रास बहुधा पाळी गेल्यावर दिसतो. त्यातला जो मुख्य घातक बदल आहे तो भारतीयांत फारच क्वचित सापडतो, त्यामुळे इंटरनेटवर वाचून घाबरून आयर्नच सोडणाऱ्या बायकांनी असं करू नये.

एक गोष्ट मात्र जनुक कुठलंही असो सगळ्यांच्या उपयोगाची आहे. गोळी घेतली की हेपसिडीन चढतं आणि साधारण दिवसभर चढलेलं राहतं, म्हणजे सकाळची गोळी आणि रात्रीची गोळी घेतली तर रात्रीच्या गोळीला दार बंद मिळतं. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या बायकांवर २०१७ मध्ये दाखवलं की एक दिवसाआड गोळी दिली तर प्रत्येक गोळीतलं जास्त लोह शोषलं जातं, आणि बऱ्याच जणींच्या पोटालाही ते झेपतं. ज्या बायका मळमळ आणि बद्धकोष्ठामुळे गोळ्या कपाटात ठेवून देतात त्यांनी डॉक्टरांना एवढं विचारावं की मला दिवसाआड चालेल का. गरोदर असाल तर स्वतःच्या मनाने नाही, विचारूनच. आणि सकाळच्या घाईत, सात-बावन्नची लोकल पकडायच्या नादात, गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळू नका, कृपा करून. पाण्याबरोबर किंवा लिंबू सरबताबरोबर घ्या, चहा तास-दोन तासांनी.

हे वाचून लगेच कोणी आता जीन टेस्टचं पॅकेज घ्यायला धावू नये ही पण विनंती. हल्ली थुंकी पाठवा आणि तुमच्या जनुकांप्रमाणे डाएट घ्या असं विकणारे खूप झालेत, हजारो रुपये घेतात. ०.१३ ग्रॅमचा फरक कळून तुमची गोळी बदलणार नाही. त्या पैशात सीबीसी, फेरिटिन आणि एचबीए२ तिन्ही होतील आणि त्यातून काहीतरी हाती लागेल. माझं म्हणणं एवढंच आहे की गोळ्या नीट घेऊन दोन-तीन महिन्यांत एचबी वाढलं नाही तर बाईला खोटं ठरवायच्या आधी कारण शोधा. पाळीचं विचारा, घराण्यात कोणाला रक्ताचा त्रास होता का विचारा, आरबीसी काउंटकडे बघा, पोटाचं बघा, जंत आहेत का, एच पायलोरी हा पोटातला जंतू आहे का, गव्हाने त्रास होतो का, म्हणजे सीलिअॅक आजार, तो पण घराण्यातून येतो आणि त्यात आतड्याचा लोह शोषणारा भागच खराब होतो.

लॅबवाल्या माझ्या भावाबहिणींना पण सांगणं आहे, तुमच्या मशीनमधून आरबीसी आणि एमसीव्ही निघतातच, मेंटझर इंडेक्स आपोआप छापायची सेटिंग बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये करता येते. तेराच्या खाली आलं की रिपोर्टच्या तळाशी एक ओळ टाका, 'एचबीए२ तपासणीचा विचार करावा'. डॉक्टर घाईत असतात, पेशंट एका मिनिटात बाहेर येतो, पण छापलेली ओळ घरी जाते आणि कोणीतरी वाचतं.

आणि महापालिकेला विनंती अशी की 'आपला दवाखाना' या पालिकेच्या दवाखान्यांमध्ये आणि प्रसूतिगृहांमध्ये फेरिटिन आणि एचपीएलसी या दोन तपासण्या मागणाऱ्या प्रत्येक बाईला सहज आणि फुकट मिळतील असं बघा. धारावी, गोवंडी, मालवणी इथल्या बाईला एचपीएलसीसाठी दिवसभराचा पगार बुडवून मोठ्या हॉस्पिटलच्या रांगेत उभं राहायला लागू नये. शिबिरं भरवणाऱ्या मंडळांनीही, ज्या बायकांना तुम्ही परत पाठवता त्यांच्या हातात एक चिठ्ठी द्या, सीबीसी कुठे करायची, रिपोर्टमध्ये काय बघायचं, कोणाला दाखवायचं. एवढी माणसं, मांडव, माईक सगळं असतं तुमच्याकडे, एक चिठ्ठी छापणं जड नाही.

संपादक महोदय, तुमच्याकडे एक मागणं. पुढच्या वेळी पुरवणीत रक्तवाढीच्या पदार्थांचा लेख टाकाल तेव्हा त्याच पानावर सीबीसी रिपोर्ट कसा वाचायचा याची चौकट टाका, एनआयआयएचच्या किंवा केईएमच्या रक्तविकार विभागातल्या तज्ज्ञांकडून तपासून घेतलेली, एचबी, एमसीव्ही, आरबीसी, फेरिटिन, एचबीए२ एवढे पाच आकडे आणि प्रत्येकासमोर साध्या मराठीत एक ओळ. बायका ती कापून फ्रीजवर लावतील, आणि पुढच्या रिपोर्टशी लावून बघतील.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
परळ, मुंबई